पोट नसलेला प्राणी उत्क्रांत होतोच कसा? (समुद्री वसाहतींतली श्रमविभागणी)

मुंगीमाग

नमस्कार. माझं निरीक्षण बहुतेक मुंग्यांचं. बरीच वर्षं त्यांच्यातच रमलो आहे, त्यामुळे राणी, कामकरी, सैनिक ही वाटणी अंगवळणी पडली आहे. हल्ली सायफोनोफोरांबद्दल, म्हणजे जेलीफिशच्या नात्यातल्या, वसाहत करून तरंगणाऱ्या समुद्री प्राण्यांबद्दल वाचतोय आणि मुंग्यांवरून बांधलेले माझे सगळे ठोकताळे तिथे कोलमडतायत. जाणकारांची मदत हवी आहे.

२०२० साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निंगालू किनाऱ्याजवळच्या समुद्री दऱ्यांत श्मिट ओशन इन्स्टिट्यूटच्या मोहिमेला वेटोळं घालून तरंगणारा एक अपोलेमिया, म्हणजे असाच एक सायफोनोफोर, दिसला होता. त्याचं नुसतं बाहेरचं वेटोळंच सुमारे ४७ मीटरचं असावं असा अंदाज आहे. ते चित्रीकरण पाहिलं आणि डोक्यातून जाईना. हा सगळा दोर म्हणजे हजारो छोट्या प्राण्यांची, म्हणजे झूऑइडांची वसाहत. काही फक्त खातात, काही फक्त पोहतात, काही फक्त प्रजनन करतात.

आता अडतंय कुठे ते सांगतो.

सैनिक मुंगीचा जबडा कितीही मोठा झाला आणि तिला इतरांनी भरवावं लागलं, तरी तिला तोंड असतं, पोट असतं. सायफोनोफोरातल्या पोहणाऱ्या घंटेला तोंड नाही, पोट नाही, जननग्रंथीही नाहीत. मग असा पहिला झूऑइड, ज्याला तोंडच नव्हतं, तो उपाशी मेला कसा नाही? नैसर्गिक निवडीने त्याला राखलं कशाच्या जोरावर?

दुसरं असं, की मुंग्यांमध्ये आपण नात्याचा हिशेब मांडतो: नातलगांत आपलीच जनुकं असतात, म्हणून त्यांच्यासाठी खपणं परवडतं. इथे सगळे झूऑइड एकाच फलित अंड्यातून आलेले, जनुकं तंतोतंत तीच. नातं शंभर टक्के. तसं असेल तर कलिकायनाने, म्हणजे अंगावर कळ्या फुटून, वाढणाऱ्या प्रत्येक वसाहतीत अशी कामाची वाटणी दिसायला हवी होती. प्रवाळात का दिसत नाही?

आणि शेवटचं, याला वसाहत म्हणायचं की एकच प्राणी? हा प्रश्न दुय्यम वाटला तर सोडून द्या, पण पहिल्या दोन्हींवर सविस्तर वाचायला आवडेल.

काचपट्टी

मुंगीमाग, तुमचा पहिला प्रश्न सगळ्यात चांगला आहे, म्हणून त्यालाच जास्त वेळ देते.

माझं काम ब्रायोझोआवर, म्हणजे पाणी गाळून खाणाऱ्या, वसाहतीने राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांवर. सायफोनोफोर देखणे खरे, पण अंग सगळं मऊ, जीवाश्म जवळपास मिळत नाहीत. ब्रायोझोआचा प्रत्येक झूऑइड स्वतःभोवती पेटी बांधतो, चेलोस्टोम गटात ती बहुधा चुन्याची असते. प्राणी मेला तरी पेटी राहते. कुठल्या झूऑइडचं काय काम होतं हे कोट्यवधी वर्षांनंतरही पेटीच्या आकारावरून ताडता येतं. मधल्या पायऱ्या पाहायच्या असतील तर याच गटाकडे यायला हवं.

ब्युगुला या झुडपासारख्या ब्रायोझोआची फांदी समुद्राच्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. आधी काहीच हालत नाही. धक्का बसलेला असतो, सगळे आत दडलेले असतात. थोडं थांबलात की एकेका पेटीतून स्पर्शकांचं नरसाळं हळूच वर येतं, उघडतं आणि पाणी आत ओढायला लागतं. हे खाणारे झूऑइड. मग लक्ष जातं ते पेट्यांच्या कडेला आखूड देठावर बसलेल्या डोक्यांकडे. हुबेहूब पक्ष्याचं डोकं, वाकडी चोच, चोच सताड उघडी आणि पूर्ण डोकं पुढे-मागे डुलतंय. एखाद्या सूक्ष्म कवचधारी प्राण्याचा पाय त्या चोचीला लागला की चोच खटकन मिटते आणि सहजासहजी सुटत नाही. पकडलेलं खाता मात्र येत नाही, कारण आत पोटच नाही. याला अव्हिक्युलेरियम म्हणतात. डार्विननेही बीगलच्या प्रवासात ही डोकी बारकाईने पाहिली होती. पुढे १८७२ मध्ये 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या आपल्या मुख्य ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत, नैसर्गिक निवडीवर टीका करणाऱ्या मायव्हार्टच्या आक्षेपांना उत्तर देताना त्याने त्यांचाच दाखला दिला.

ही चोच आली कुठून? खाणाऱ्या झूऑइडच्या पेटीला एक झाकण असतं. प्राणी आत गेला की स्नायू ते ओढून बंद करतात. अव्हिक्युलेरियमचा खालचा जबडा म्हणजे तेच झाकण, लांबलेलं आणि टोकदार झालेलं. ते मिटणारे स्नायूही तेच, फक्त फुगून जवळजवळ सगळी पेटी व्यापणारे. स्पर्शकांच्या नरसाळ्याच्या जागी उरतो संवेदी केसांचा लहानसा झुबका, जो स्पर्श ओळखतो. एकही अवयव नव्याने घडवलेला नाही.

आणि मधली पायरी आजही जिवंत आहे. स्टेगिनोपोरेला नावाच्या वंशात दोन प्रकारचे झूऑइड असतात. दुसऱ्या प्रकाराचं झाकण मोठं आणि दणकट, पण तो अजून खातो, त्याचे स्पर्शक आणि आतडं शाबूत आहे. म्हणजे झाकण आधी मोठं होऊ शकतं आणि पोट नंतर जाऊ शकतं. दोन्ही एकाच फटक्यात व्हायची गरज नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. पोट गेल्यावर तो मेला कसा नाही?

वसाहतीत तोंड नसणं ही नवलाईच नाही. प्रत्येक झूऑइड कळी म्हणून सुरू होतो आणि कळीला तोंड नसतं. वाढत्या कडेला नव्या पेट्या बांधल्या जात असतात, आत आतडं अजून तयार नसतं आणि त्यांना लागणारं सगळं अन्न मागच्या शेजाऱ्यांकडून येतं. पेट्यांच्या भिंतींना बारीक छिद्रं असतात. त्यांतून फ्युनिक्युलस नावाच्या ऊतीचे धागे एका झूऑइडकडून दुसऱ्याकडे जातात आणि पोषकद्रव्यं वाहून नेतात. एवढंच नाही, खाणारा झूऑइडही आयुष्यात मधूनमधून आपले स्पर्शक आणि आतडं मोडीत काढतो. त्याचा एक तपकिरी गोळा उरतो आणि त्याच पेटीत नवं आतडं वाढतं. त्या काळात तो उपाशी नसतो, शेजारी पोसतात.

त्यामुळे पहिला तोंड नसलेला झूऑइड म्हणजे कुठून तरी अचानक उपटलेलं विकलांग पोर नव्हे. ज्या कळीला वसाहत तशीही पोसतच होती, ती कळी तोंड उघडण्याच्या टप्प्यापर्यंत पोचलीच नाही, इतकंच. पुरवठ्याची व्यवस्था आधीपासून चालू होती. निवडीला ठरवायचं होतं ते एवढंच, की ही न खाणारी कळी वसाहतीच्या एकूण पिल्लांत भर घालते की नाही. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. नात्याचा हिशेब त्यानंतर येतो.

सायफोनोफोरांना आणखी एक आयतं भांडवल मिळालं होतं. ते ज्या गटातले, त्या हायड्रोझोआत मुळातच दोन शरीरं असतात. पॉलिप बसून खातो आणि मेड्युसा, म्हणजे घंटेसारखं जेलीफिशचं रूप, त्याच्यावर कळी म्हणून येऊन सुटते, पोहते, अंडी किंवा शुक्रपेशी सोडते. सायफोनोफोरात मेड्युसा सुटायचीच थांबली. पोहणारी घंटा नीट पाहा: बहुतेक जातींत चार अरीय नळ्या, कडेची वर्तुळाकार नळी, घंटेच्या उघड्या कडेशी पाणी आवळून फेकणारा पडदा. सगळी रचना मेड्युसाचीच आहे. गेलं काय, तर तोंड, स्पर्शक आणि जननग्रंथी. प्रजनन करणारे झूऑइडही मेड्युसापासूनच आलेले, त्यांनी मात्र जननग्रंथी ठेवल्या. खाणारे झूऑइड पॉलिपपासून आले. वाटणीची पहिली रेघ, पोहणं एकीकडे आणि खाणं दुसरीकडे, वसाहत बांधली जाण्याच्या आधीच पडलेली होती.

पुढच्या पायऱ्याही दिसतात. बहुतेक सायफोनोफोरांत खाणाऱ्या झूऑइडच्या बुडाशी त्याचा स्वतःचा स्पर्शक असतो, म्हणजे मासा पकडणं आणि पचवणं एकाच्याच अंगावर. पोर्तुगीज मॅन ऑफ वॉरमध्ये ही दोन कामंही वेगळी झाली आहेत. खाणाऱ्यांना स्पर्शक नाही, लांब दंश करणारे स्पर्शक दुसऱ्या झूऑइडांवर. तो स्पर्शक आखडून मासा वर आणतो, मग खाणाऱ्यांची तोंडं माशाच्या अंगावर ओठ पसरून चिकटतात आणि पचवायला लागतात.

नॅनोमिया या सायफोनोफोराबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिच्या टोकाला गॅसचा छोटा फुगा, त्याखाली वाढीची जागा, तिथून नव्या घंटा सतत बनतात आणि जुन्या खाली सरकतात. म्हणजे फुग्यापासून जितकं दूर तितकं वय जास्त. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की टोकाजवळच्या कोवळ्या, लहान घंटा दिशा वळवायचं काम करतात आणि खालच्या मोठ्या, जुन्या घंटा जोर लावून पुढे ढकलतात. टोकाला थोडासा जोरही वळायला पुरतो, कारण तिथून तरफेचा हात लांब पडतो. एकाच प्रकारच्या झूऑइडांत, नुसत्या वयावरून पडलेली ही वाटणी. एकही घंटा वाढायच्या काळात फुकट जात नाही. मला हे विलक्षण वाटतं.

दुसऱ्या प्रश्नावर प्रवाळवाल्यांनी बोलावं.

भरतीओहोटी

प्रवाळवाला हजर आहे.

मुंगीमाग, प्रवाळात वाटणी दिसत नाही हे अर्धंच खरं. अ‍ॅक्रोपोराची फांदी घ्या. टोकावरचा अक्षीय पॉलिप फिकट असतो, कारण त्याच्या ऊतीत शैवाल कमी असतं. वाढ मात्र तिथेच सगळ्यात जोरात होते, खालच्या पॉलिपांनी शैवालाकडून मिळवलेलं अन्न टोकाकडे वाहत येतं. ही वाटणीच झाली, फक्त सौम्य. आठ स्पर्शकांच्या प्रवाळांमध्ये सी-पेन पाहा. पहिला पॉलिप लांबून देठ होतो आणि आपले स्पर्शक गमावतो. त्याच्या अंगावर येणाऱ्या पॉलिपांपैकी काही खातात आणि काहींचं काम फक्त वसाहतीत पाणी खेळवायचं.

पण दगडी प्रवाळात ती फार पुढे का गेली नाही, याचं मला पटणारं कारण उजेड हे आहे. ऊन सगळ्या पृष्ठभागावर पडतं आणि शैवाल पाळणारा प्रत्येक पॉलिप तिथल्या तिथे कमावतो. अशा वेळी एखाद्याने कमाई सोडून दुसरं काम धरलं तर तेवढा पृष्ठभाग वाया जातो.

काचपट्टीताईंना मात्र एक आडवा प्रश्न. तुमची किल्ली पुरवठ्याची नळी ही आहे. मग बॉट्रिलसचं, खडकाला चिकटून वसाहत करणाऱ्या त्या सी-स्क्वर्टचं, काय? एका अंड्यातून आलेले झूऑइड, सगळ्यांचं रक्त एकाच जाळ्यातून फिरतं, ताऱ्याच्या आकारात बसून पाणी बाहेर टाकायचं भोकसुद्धा सामाईक. नळीही आहे, नातंही आहे. तरी सगळे झूऑइड एकसारखे! प्रत्येकाला पोट, प्रत्येकाला जननग्रंथी. वाटणी कुठे आहे?

मुंगीमाग

दोघांचेही आभार. कळीलाही तोंड नसतं हा मुद्दा वाचून मुंग्यांकडेच वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. अळीला तरी कुठे स्वतः अन्न आणता येतं.

भरतीओहोटींच्या प्रश्नात माझा एक जोडतो. मुंग्यांत फसवणूक असते, कामकरी गुपचूप अंडी घालतात आणि इतर ती शोधून खातात. इथे सगळ्यांची जनुकं एकच म्हटल्यावर फसवणुकीला जागाच नाही का?

काचपट्टी

भरतीओहोटी, आक्षेप रास्त आहे. नळी आणि नातं या दोन्हींशिवाय वाटणी होत नाही असं माझं म्हणणं आहे. दोन्ही असली की ती होतेच, असं नाही.

बॉट्रिलसबद्दल माझा तर्क असा. तिथे झूऑइड फार थोडे दिवस जगतो. दर आठवड्याच्या सुमारास सगळे प्रौढ झूऑइड एकदम विरघळतात, त्यांचे घटक वसाहत परत शोषून घेते आणि खाली तयार असलेल्या कळ्या त्यांची जागा घेतात. कुणी एका कामात तरबेज शरीर बांधलं, तरी ते आठवडाभरात मोडायचं. त्यात खडकाला चिकटून पाणी गाळणाऱ्याला पोहायचं नाही, सावज पकडायचं नाही. गाळण्याच्या कामात जितकी तोंडं जास्त तितकं बरं. वाटून घ्यावं असं दुसरं काम फारसं नाही. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून मांडत नाही.

उलट बाजूने तपासायचं तर बॉट्रिलसचेच नातलग घ्या. साल्पांच्या साखळीतले सगळे एकमेकांचे क्लोन, पण प्रत्येकाचं रक्त आणि आतडं वेगळं. नातं आहे, नळी नाही. साखळीत वाटणीही नाही, प्रत्येक जण गाळतो आणि पोहतो. आता डोलिओलिड पाहा. त्यांच्या एका पिढीत मूळ प्राणी, ज्याला दाई म्हणतात, मागे एक लांब शेपूट वाढवतो आणि त्या शेपटीवर झूऑइडांच्या रांगा बसतात. कडेच्या रांगांतले फक्त खातात. मधल्या रांगेतले पुढे सुटून जातात आणि त्यांच्यावर प्रजनन करणारे वाढतात. शेपटीतून रक्त खेळतं. आणि दाईचं काय होतं? तिचं आतडं जातं, कल्ले जातात, उरतं स्नायूंच्या पट्ट्यांचं एक पिंप, जे संपूर्ण शेपूट ओढत पोहतं आणि कडेच्या खाणाऱ्यांवर जगतं. हे पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचे जवळचे नातेवाईक. दंश करणाऱ्या आंतरगुहींपासून, ब्रायोझोआपासून कोसो दूर. तरीही तीच वाट: आधी सामाईक पुरवठा, मग एकाने पोट सोडलं. माझ्यासाठी हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

मुंगीमाग, फसवणुकीला जागा आहे आणि ती नेमकी याच नळीतून येते. हर्मिट खेकड्याच्या शंखावर वाढणारा हायड्रॅक्टिनिया घ्या, हाही हायड्रोझोआतलाच. एकाच गालिच्यावर खाणारे, प्रजनन करणारे आणि शंखाच्या ओठाशी दंश करणारे झूऑइड असतात, त्यांना जोडणाऱ्या ऊतीतून मूलपेशी सगळीकडे फिरतात. आता त्याच शंखावर दुसरी अळी बसली आणि दोन वसाहती वाढत वाढत एकमेकींना भिडल्या, तर? जुळून एक झाल्या तर एकीच्या मूलपेशी दुसरीत घुसून तिच्या प्रजनन करणाऱ्या झूऑइडांमधून स्वतःची पिल्लं काढून घेऊ शकतात. बॉट्रिलसमध्ये हे प्रत्यक्ष दाखवलेलं आहे: दोन वसाहती जुळल्यावर एकीच्या पेशींनी दुसरीच्या जननग्रंथी बळकावल्या. म्हणून दोन्ही प्राण्यांत ओळख पटवणारी जनुकं आहेत. जवळचा नातलग असेल तरच जुळायचं. परका असेल तर बॉट्रिलस मध्ये भिंत घालतो आणि हायड्रॅक्टिनियाच्या कडेच्या नळ्या फुगून दंशपेशींनी भरतात, शेजाऱ्याला अक्षरशः जाळतात.

मोकळ्या समुद्रात तरंगणाऱ्या सायफोनोफोराला हा धोका कमी. दोन वसाहती वाढत जाऊन एकमेकींना चिकटण्याची वेळ तिथे क्वचित यावी. सगळे झूऑइड एकाच फलित अंड्याचे, परक्या पेशीला आत शिरायला वाट नाही. खडकावरच्या वसाहतींपेक्षा सायफोनोफोर कामाच्या वाटणीत इतके पुढे का गेले, याचं हेही एक कारण असावं.

आता तुम्ही दुय्यम ठरवलेला तिसरा प्रश्न. एक की अनेक यावर एकोणिसाव्या शतकात मोठी माणसं भांडली. रॅटलस्नेक जहाजावरून फिरलेला इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ हक्सली या झूऑइडांना एका प्राण्याचे अवयव मानायचा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लॉयकार्टने १८५१ मध्ये वेगवेगळ्या रूपांतल्या स्वतंत्र जीवांचं राज्य म्हणून त्यांचं वर्णन केलं. मला वाटतं, उगम पाहिलात तर लॉयकार्ट बरोबर, काम पाहिलंत तर हक्सली. घंटा मेड्युसापासून आली, म्हणून ती प्राणी. घंटा एकटी राहून पिल्लं देत नाही, म्हणून ती अवयव.

पण सायफोनोफोरांतल्याच कॅलिकोफोर गटाने या भांडणात तिसरीच बाजू उभी केली आहे. त्यांच्या लांब दोरावर ठरावीक अंतराने एकेक संच असतो: ढालीसारखं पान, एक खाणारा झूऑइड, त्याचा स्पर्शक आणि प्रजनन करणाऱ्या घंटा. बऱ्याच जातींत टोकाचा संच पिकला की दोरापासून तुटतो आणि स्वतंत्र पोहायला लागतो, शिकार करतो, अंडी किंवा शुक्रपेशी सोडतो. याला युडॉक्सिड म्हणतात. जुन्या निसर्गशास्त्रज्ञांना हे तुकडे प्लवकाच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या जीवांच्या, जाळ्यात सुटे सापडले तेव्हा त्यांनी त्यांना वेगळे प्राणी समजून वेगळी नावं दिली होती. मागे उरलेला दोर नवे संच बनवत राहतो. तेव्हा मुंगीमाग, प्लवकाचा नमुना कधी हाताशी आला तर तो अख्खा चाळा. जेमतेम काही मिलिमीटरचं, काचेसारखं पारदर्शक, एका पानाखाली एक तोंड आणि एक घंटा असं काही दिसलं तर त्याचं चित्र इथे टाका. जात ओळखायला मी आहे.